पद्धत उसनी घेताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचला. वेसावे आणि भाऊचा धक्का या दोन बंदरांवर काम करणाऱ्या खलाशांची खरी संख्या किती, त्यांच्यापैकी किती जणांना उच्च रक्तदाब आहे, आणि बोट समुद्रात असताना तिचा किनाऱ्याशी कितपत भरवशाचा संपर्क राहतो, असे तीन प्रश्न तू एकत्र घेतले आहेस. ते एकत्र घेण्यामागचे तुझे कारण मला पूर्ण पटते. छातीत दुखू लागलेल्या खलाशापर्यंत डॉक्टरांचा सल्ला वेळेवर पोहोचायचा असेल, तर बोट कुठे आहे, तिच्याशी बोलता येते का आणि त्या माणसाचा आजार आधी कुणी नोंदवला होता का, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असाव्या लागतात. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तिन्ही ठिकाणी तू एका शास्त्रातली पद्धत उचलून दुसऱ्या शास्त्रात वापरली आहेस; पण ती पद्धत ज्या अटींवर उभी आहे त्या अटी नव्या जागी टिकतात की नाही, याविषयी आराखड्यात एक ओळही नाही. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

खलाशांची संख्या काढण्यासाठी तू निवडलेली पद्धत मुळात मत्स्यशास्त्रात रुळलेली आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानेस पीटरसन यांनी १८९० च्या दशकात प्लेस नावाच्या चपट्या माशांना खुणा लावून ते पाण्यात परत सोडले आणि नंतरच्या पकडीत खुणेचे मासे किती सापडतात ते पाहिले. समज, २०० माशांना खूण केली, पुढच्या खेपेला १५० मासे पकडले आणि त्यांत खुणेचे १० निघाले, तर २०० ला १५० ने गुणून १० ने भागायचे, उत्तर ३,०००. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. मधल्या काळात त्या पाण्यात मासे आत आले नाहीत की बाहेर गेले नाहीत, एकही खूण गळून पडली नाही आणि प्रत्येक मासा जाळ्यात सापडण्याची शक्यता सारखीच होती, एवढे सगळे खरे असेल तरच ३,००० या आकड्याला अर्थ आहे.

आता या अटी धक्क्यावर लावून पाहा. तुझी पहिली यादी मच्छीमार सहकारी संस्थेची आहे आणि दुसरी आरोग्य शिबिरात आलेल्यांची. शिबिराची माहिती तू संस्थेमार्फतच देणार आहेस, म्हणजे ज्याचे नाव पहिल्या यादीत आहे तोच दुसऱ्या यादीत येण्याची शक्यता जास्त. दोन्ही याद्यांत सामाईक नावे वाढली की भागाकार लहान होतो आणि खलाशांची संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसते. जो परराज्यातून आला आहे, ज्याची कुठेच नोंद नाही आणि शिबिराला गेलो तर एका फेरीचे पैसे बुडतील या भीतीने जो बोटीवरच थांबतो, तो दोन्ही याद्यांतून सुटतो. ज्याच्यासाठी हे संशोधन करायचे, नेमका तोच हिशेबाबाहेर राहतो.

याच अडचणीवर आपल्याच देशात फार चांगले काम झालेले आहे आणि ते तू मुळातून वाचावेस अशी माझी इच्छा आहे. सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातल्या जन्ममृत्यूंच्या दोन याद्या, एक निबंधकाची आणि दुसरी घरोघर फिरून केलेली, समोरासमोर ठेवून दोन्हींतून सुटलेल्या घटनांचा अंदाज काढला. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात हे त्यांनी गृहीत धरले आणि म्हणून लोकसंख्येचे एकसारख्या माणसांचे लहान गट पाडून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा मांडला. तूही तेच कर. डोलवाल्या (प्रवाहात रोवलेले पिशवीसारखे जाळे वापरणाऱ्या) बोटींचे खलाशी, ट्रॉलरचे (जाळे ओढत नेणाऱ्या बोटींचे) खलाशी, वेसाव्यातलेच रहिवासी, पालघरकडून आलेले, परराज्यांतून आलेले, असे गट पाड आणि संस्थेशी संबंध नसलेली तिसरी यादी मिळव. बर्फ आणि किराणा पुरवणाऱ्यांच्या वहीत प्रत्येक फेरीला बोटीवर किती माणसांचा शिधा भरला याची नोंद असते का, ते विचारून बघ. तशी नोंद मिळाली, तर तिच्यात नावे नसली तरी माणसांचा एकूण आकडा पडताळायला तिचा मोठा आधार होईल.

धक्क्यावरच्या मोबाइल फोनांच्या वायफाय खुणा मोजून संख्या पडताळण्याची तुझी सूचना मात्र मला काढून टाकावीशी वाटते. अलीकडचे फोन वायफायवर स्वतःचा खरा पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, न सांगता बदलता पत्ता सांगतात. पीटरसन यांच्या भाषेत सांगायचे तर खूण गळून पडली आणि तोच मासा नवा म्हणून मोजला गेला, संख्या फुगणार. उलट वायफायऐवजी इंटरनेटवरचे पत्ते मोजलेस आणि एकाच हॉटस्पॉटवर बोटीतले सगळे फोन चालत असतील, तर बाहेरून एकच पत्ता दिसतो आणि संख्या आक्रसते. दोन चुका विरुद्ध दिशांच्या आहेत म्हणून त्या एकमेकींना खोडून काढतील, अशी आशा बाळगू नकोस.

आता वेळापत्रकाबद्दल. दर दुसऱ्या रविवारी सकाळी वेसाव्याला जायचे, असे तू लिहिले आहेस. सुट्टीचा विचार करून ते ठरवले असावेस. पण डोलजाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणात पाण्याला जोर असतो तेव्हा जाळ्यात येणारी मासळी आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याच्या, दिवसांतली मासळी यांत मोठा फरक असतो. उधाणापासून उधाणापर्यंतचे चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचे आहे. तू दर चौदा दिवसांनी गेलीस, तर कित्येक आठवडे तुला समुद्राची जवळजवळ एकच अवस्था दिसत राहील. पहिला रविवार भांगात पडला तर वेसाव्याला बोंबील कमी येतो, असा निष्कर्ष तू प्रामाणिकपणे काढशील आणि तो चुकीचा असेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातली मासळीची आवक मोजते, तेव्हा बंदर आणि दिवस हे दोन्ही यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात, आणि रात्री उतरलेल्या मासळीची चौकशी करून ती नोंदीत घेतली जाते. ती पद्धत एवढी खटपटीची का आहे, हे तुला धक्क्यावर पहाटे उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. क्रेट भराभर उतरत असतात, पापलेट आणि सुरमई वेगळी काढून बर्फात जाते, खाद्याच्या कारखान्याकडे जाणारी बारीक मिसळ मासळी बाजूला ढिगात पडते, खलाशांच्या वाट्याची टोपली कुणाच्या तरी हाती निघून जाते, आणि लिलावाची बोली सुरू होईपर्यंत बोटीतून नेमके काय काय उतरले हे सांगणारा एकही माणूस जागेवर नसतो. लिलावाचा आकडा म्हणजे पकड नव्हे, आणि पकड म्हणजे समुद्रातला साठा तर मुळीच नव्हे.

रक्तदाबाचेही तेच. रात्रभर जाळे ओढून आलेला, झोप न झालेला, नुकताच चहा प्यालेला आणि गालात तंबाखू असलेला माणूस खुर्चीवर बसवून लगेच पट्टा बांधलास, तर जे मोजले जाईल ते त्या रात्रीचे श्रम असतील. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, आधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळणे आणि एकापेक्षा अधिक वेळा मोजून सरासरी घेणे हे नियम दवाखान्यात पाळता येतात. धक्क्यावर ते कसे पाळणार, हे आराखड्यात लिही. नाखव्याशी (बोटीच्या मालकाशी) बोलून फेरीच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी मोजता आले तर उत्तम.

संपर्काच्या प्रश्नात तुझा अभ्यास सर्वांत भक्कम आहे, तरीही अट तिथेही निसटली आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यामधल्या जेमतेम ४०० यार्डांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्या अनुभवातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही इंटरनेटच्या पायाशी आहे: पॅकेट (संदेशाचा छोटा तुकडा) हरवले की वाटेत गर्दी झाली असे समजायचे आणि पाठवण्याचा वेग कमी करायचा. तारेच्या जाळ्यात हे बहुतेक वेळा खरे असते. किनाऱ्यापासून दूर, लाटेवर वरखाली होणाऱ्या बोटीत पॅकेट हरवते ते सिग्नल क्षीण असल्यामुळे. वाट मोकळी असूनही यंत्रणा उगाच दबकत चालते. त्यावर तू सुचवलेला साठवून पुढे पाठवण्याचा मार्ग, म्हणजे संपर्क मिळेपर्यंत संदेश जवळ ठेवायचा आणि मिळताच सोडायचा, हा मूळ अंतराळ संदेशवहनासाठी विचारात घेतला गेला होता आणि बोटींना तो शोभतोही. पण त्याची अट अशी की संदेश थांबू शकला पाहिजे. आठवड्याची रक्तदाबाची नोंद थांबू शकते; छातीतली कळ थांबू शकत नाही. तेव्हा दोन वाटा वेगळ्या आखाव्या लागतील, आणि तातडीच्या वाटेसाठी व्हीएचएफ या सागरी रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी व बोटींवर बसवले जाणारे उपग्रह ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे) यांचा विचार करावा लागेल.

केरळच्या सार्डिन मच्छीमारांवरचा रॉबर्ट जेन्सेन यांचा २००७ चा अभ्यास तू आधाराला घेतला आहेस. तो आहेच तसा सुंदर: १९९७ ते २००१ या काळात मोबाइल सेवा किनाऱ्याच्या एकेका पट्ट्यात टप्प्याटप्प्याने आली, म्हणून फोन असलेला आणि नसलेला भाग यांची तुलना करता आली, आणि बाजाराबाजारातल्या भावांची तफावत घटून मासळी वाया जाणे थांबले. परंतु तिथे त्याच दिवशी विकावी लागणारी मासळी आणि किनाऱ्यावर ओळीने असलेले छोटे बाजार होते. मुंबईत बर्फ आहे, अनेक दिवसांच्या फेऱ्या आहेत आणि मोजके मोठे धक्के आहेत. तो निष्कर्ष इथे तसाच लागू होईल असे लिहू नकोस.

पद्धत उसनी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले, त्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय त्याखाली कोलमडते हे ओळखले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते प्रसिद्धही केले. औषध दुसऱ्या आजाराचे होते. पण ते ज्या जागी काम करते नेमक्या त्याच जागी विषामुळे उसळलेली द्रव्येही घाव घालतात, याची त्यांना रुग्णाजवळ बसून खात्री पटलेली होती. कोकणातल्या असंख्य घरांतली माणसे त्यामुळे वाचली. तुझ्याकडून मला अशा उसनवारीची अपेक्षा आहे.

एक गोष्ट परवानगीची. आरोग्याच्या माहितीसाठी नीतिमत्ता समितीची मान्यता तू घेणारच आहेस. बोटींच्या ठिकाणांसाठीही तेवढीच काळजी घे. मासळी कुठे लागते हे तांडेलाचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचे, आयुष्यभराचे ज्ञान आहे आणि त्यावर त्याचे घर चालते. अक्षांश-रेखांश नेमके न ठेवता मोठ्या चौकोनांत ठेव, ते कुणाला दिसणार हे त्याला मराठीत वाचून दाखव आणि नकार दिला तर तो मनापासून मान्य कर.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. बरेच खलाशी तेव्हा गावी जातात, म्हणजे पहिली यादी मे महिन्यात आणि दुसरी ऑगस्टनंतर केलीस तर त्या याद्या माणसांच्या दोन वेगळ्या समूहांच्या होतील. दोन्ही याद्या एकाच हंगामात, दिवाळीनंतर आणि एकमेकींच्या जवळ घे. बंदीच्या काळात संपर्काच्या चाचण्यांची तयारी कर, गोदीत ओढलेल्या बोटींवर उपकरणे बसवून घे आणि तांडेलांशी निवांत बोल. एरवी त्यांना वेळ नसतो. आराखड्यात प्रत्येक पद्धतीखाली तिच्या अटी, ती अट इथे मोडते का, आणि मोडल्यास आकडा कोणत्या दिशेला सरकेल, एवढे लिहून सुधारलेला मसुदा मला पाठव. मार्गदर्शक म्हणून मत्स्यशास्त्रातल्या एका आणि सामाजिक वैद्यकशास्त्रातल्या एका व्यक्तीचे नाव त्यावर असू दे. संगणकजाळ्यांच्या भागासाठी मी आहेच.

कळावे, लोभ असावा.