प्राचीन चिनी तत्त्वज्ञानातले मुख्य पंथ कोणते? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

नुसती यादी हवी असेल तर ती आयतीच आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हान राजवटीतल्या सिमा तान या इतिहासकाराने सहा पंथ मोजले: यिन-यांगवाले, कन्फ्यूशियसपंथी, मोत्सपंथी, नामवादी, विधिवादी आणि ताओवादी. (आपलीही दर्शनं सहाच, पण हा निव्वळ योगायोग.) मात्र यातली बरीचशी नावं मागाहून चिकटवलेली आहेत. म्हणून मी यादी पाठ करण्यापेक्षा भांडण समजून घ्या म्हणेन. चौ घराण्यातल्या राजांचा वचक संपला होता, राज्यं एकमेकांना गिळत होती, आणि हे सगळे एकाच प्रश्नावर वाद घालत होते: ही घडी पुन्हा बसवायची कशी?

कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551-479) म्हणाला, जुने रीतिरिवाज मनापासून पाळा; घर सावरलं की राज्य सावरेल. मोत्सला हे पटेना. आईबापांसाठी तीन वर्षं सुतक, थाटाचे अंत्यविधी, दरबारी संगीत, हा सगळा गरिबांच्या जिवावरचा खर्च. आणि माया फक्त आपल्याच माणसांवर का? मला स्वतःला हा माणूस फार आवडतो. छू राज्य छोट्या सोंगवर चालून जाणार हे कळताच तो दहा दिवस, दहा रात्री चालत छूला गेला. तिथे कमरेचा पट्टा सोडून त्याची तटबंदी मांडली आणि छूच्या यंत्रकाराचे नऊ डाव परतवले. हल्ला रद्द झाला. परतताना सोंगमध्ये पाऊस लागला, तर वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला आडोशालाही उभं राहू दिलं नाही!

पुढे कन्फ्यूशियसच्याच वारसांत जुंपली. मेन्शियस म्हणे माणूस मुळात चांगला, शुन्त्स म्हणे वाईट, त्याला वळण लावावं लागतं. शुन्त्सचा शिष्य हान फेई विधिवादाकडे, म्हणजे कडक कायदे आणि शिक्षेच्या बळावर राज्य चालवण्याच्या विचाराकडे गेला. त्याची एक गोष्ट: दारू पिऊन झोपलेल्या राजाला थंडी वाजू नये म्हणून टोपी सांभाळणाऱ्या नोकराने अंगावर वस्त्र घातलं. राजाने वस्त्र सांभाळणाऱ्याला कामचुकारपणाबद्दल आणि टोपीवाल्याला दुसऱ्याच्या कामात हात घातल्याबद्दल शिक्षा केली. छिन राज्याने इ.स.पू. 221 मध्ये सगळा चीन जिंकला तो याच धर्तीच्या कारभारावर.

नामवादी म्हणजे ‘पांढरा घोडा हा घोडा नव्हे’ म्हणणारे. ते नंतर बघा. आधी कन्फ्यूशियसची वचनं, मग मोत्स, मग ताओवादी च्वांगत्स. च्वांगत्स सगळ्यांत गमतीदार, पण तो कुणाची टर उडवतोय हे माहीत नसेल तर अर्धी मजा जाते.