व्हॉल्व्ह अँपचं किट : वाचकांचे प्रश्न

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) प्रीअँप, म्हणजे मुख्य अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा डबा, किंवा हेडफोन अँप किट आणून घरी जोडणाऱ्यांची बरीच पत्रं साठली आहेत. आवाज गोड कसा होईल, हे बहुतेकांना हवं असतं. विजेबद्दल विचारणारे थोडेच. त्यामुळे कुठल्या प्रश्नाला किती जागा द्यायची हे मी माझ्या मर्जीनं ठरवलं आहे.

सोल्डरिंग कधी केलेलं नाही. पहिलंच काम म्हणून हे किट घेऊ का? (सांगली)

नको. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं ट्रान्झिस्टरचं साधं किट जोडा. पुढे व्हॉल्व्हचं घेतलंत, तर पहिल्यांदा चालू करताना जाणकार माणूस शेजारी हवा आणि वीज सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत सिरीजमध्ये एक दिवा जोडलेल्या बोर्डातून द्यायची. बोर्डावरचा दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

१२एयू७ जातीच्या व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ६डीजे८ जातीचा बसतो. चालेल ना? (कोल्हापूर)

नाही. पिना दोन्हीला नऊच, पण हीटरची (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी. किटमध्ये हीटर ६.३ व्होल्टवर जोडला असेल तर ६डीजे८ पेटणार नाही, १२.६ वर असेल तर त्याच्या हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळेल.

नवीन व्हॉल्व्ह १०० तास वाजवून मुरवावे लागतात का?

मुरायला ते लोणचं नाही. आवाज आवडत नसेल तर किटच्या पुस्तिकेतली व्होल्टेज ताडून पाहा.

ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या प्रीअँपचे व्हॉल्व्ह छान निळे उजळतात. अस्सल आहेत का? (नाशिक)

व्हॉल्व्ह अस्सल असतील, उजेड नाही. सॉकेटच्या भोकाखाली एलईडी बसवलेला असतो. तापलेला हीटर मंद नारिंगी दिसतो, तोही जेमतेम. यातली बरीच किटं १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. व्हॉल्व्हला मिळतात थोडेच व्होल्ट, आणि कित्येकदा हेडफोन चालवण्याचं खरं काम शेजारची आयसी (चिप) करते. शिकायला हे वाईट नाही, शॉकची भीतीही कमी. पण जाहिरातीत व्हॉल्व्हचा फोटो मोठा आणि सर्किटचा आराखडा कुठेच नसेल, तर पैसे देण्याआधी आराखडा मागा.

मामांनी अमेरिकेतून किट पाठवलं आहे, १२० व्होल्टचं. स्टेप-डाऊन लावला की झालं? (जळगाव)

व्होल्टेजचं झालं, फ्रीक्वेन्सीचं नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. फक्त ६० साठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० वर संपृक्त होऊ शकतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. त्यावर ५०/६० छापलंय का ते बघा. प्रायमरीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या घरच्या विजेकडच्या बाजूची, दोन वेटोळी असतील तर ती सिरीजमध्ये जोडून २३०-२४० वर चालवता येतं, स्टेप-डाऊनची गरजच नाही. मात्र फ्यूज साधारण निम्म्या अँपिअरचा लागेल. हे सगळं उत्पादकाला ईमेल करून खात्री झाल्यावरच.

प्रीअँप जोडला की घूंऽऽ आवाज येतो. मित्राच्या सांगण्यावरून प्लगची वरची जाड पिन काढली, आवाज गेला. घरात आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, तेव्हा धोका नाही ना? (पुणे)

आहे. हे वाचून झालं की पिन परत लावा. खरं तर वाचायच्या आधी.

ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधीतरी फुटून फेज पत्र्याच्या डब्याला लागली, तर अर्थ असताना मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर डबा २३० व्होल्टवर निवांत बसून राहतो. हेडफोनच्या जॅकचं बाहेरचं धातू बहुतेक किटमध्ये त्याच डब्याला जोडलेलं असतं, आणि हेडफोन तुमच्या डोक्यावर.

आता आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो का, एवढंच तो बघतो. साधारण ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ट्रिप होतो. अर्थची पिन नसेल तर हा फरक तुमच्या अंगातून गेलेल्या प्रवाहानेच पडणार. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं तर त्याला काहीच दिसत नाही. तिथे १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात. एक हात त्या तारेवर आणि दुसरा डब्यावर गेला, तर प्रवाह छातीतून जाऊन सेकंडरीकडेच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या वेटोळ्याकडेच परततो. आरसीसीबीच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

प्लग काढला म्हणजे वीज गेली, असंही नाही. फिल्टरचे कपॅसिटर भरलेले असतात. १०० मायक्रोफॅरड ३०० व्होल्टवर असेल आणि त्याच्यावर २२० किलोओहमचा, २ वॅटचा ब्लीडर (साठलेली वीज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) असेल, तर व्होल्टेज १५ वर यायला मिनिटभर लागतं. ब्लीडरचं सोल्डर सुटलेलं असेल तर कितीतरी जास्त. म्हणून दर वेळी मल्टीमीटरने मोजायचं, एक हात खिशात ठेवून. निऑनचा टेस्टर इथे पुरावा नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणाऱ्यांचे व्हिडिओ बघून तसं करू नका.

तुमचा घूं बहुधा ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन तयार झालेल्या वेढ्याचा. प्रीअँप आणि त्याला जोडलेलं उपकरण, दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा. तरी राहिला तर सिग्नलची ग्राउंड एकाच ठिकाणी आणली आहे का ते तपासा. काही किटमध्ये सिग्नल ग्राउंड आणि डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर देतात. डबा मात्र थेट अर्थला, त्यात तडजोड नाही. आवाज घूं नसून किरकिरा, १०० हर्ट्झचा असेल तर पॉवर सप्लायचं फिल्टर बघायला हवं.

आणि परवानाधारक वायरमनकडून घरचं अर्थिंग मोजून घ्या. जुन्या वाड्यांत बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. कुठे कुठे तर न्यूट्रलचीच तार त्यात फिरवून देतात, आणि ते त्याहून वाईट.

ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) किटवर माझ्या ३२ ओहमच्या हेडफोनला बेस नाही. महागडे कपॅसिटर घालू? (ठाणे)

नको. आउटपुटचा कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर ३२ ओहमवर साधारण ५० हर्ट्झखाली आवाज गळायला लागतो, ३०० ओहमवर ५ हर्ट्झखाली. ही किटं ३०० ओहमच्या हेडफोनसाठीच असतात. हेडफोन बदला, किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं किट घ्या. कपॅसिटर विकणारा हे सांगणार नाही.

रात्री ऐकून झालं की कानात शिट्टी वाजते. व्हॉल्व्ह बदलू का?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. तोवर हेडफोन बंद. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो.

तीन महिने एका रेझिस्टरमधून जळका वास येतोय, पण आवाज उत्तम आहे. दिवाळीच्या सुट्टीत बघू का? (अमरावती)

आत्ता बंद करा आणि प्लग काढा. रेझिस्टरचा आणि आसपासच्या जोडणीचा स्पष्ट फोटो किट बनवणाऱ्याला पाठवा. त्याने सांगितलेली मोजमापं घेता येत नसतील तर पेटी बंद ठेवून व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.