विजयाबाईंनी प्रयोग सोडला का?

प्रश्न : ताई, आमची एकांकिका स्पर्धेची तालीम चालू आहे. सर म्हणाले दिग्दर्शिका विजया मेहता आधी प्रायोगिक रंगभूमीच्या होत्या, मग व्यावसायिक रंगभूमीला गेल्या आणि प्रयोग संपला. खरंय का हे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सरांना नमस्कार सांग, पण मला नाही पटत. व्यावसायिकला गेल्या हे खरंच, पण प्रयोग सोडला कुठे? १९६० ला बाईंनी तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू वगैरे मंडळींबरोबर 'रंगायन' ही नाट्यसंस्था काढली, सभासदांच्या जिवावर चालायची, एकेका नाटकाचे खेळ मोजकेच, आणि करायचं काय तर फ्रेंच नाटककार आयनेस्कोचं 'खुर्च्या', खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव'! तिकीटबारीवर असलं कोण लावणार होतं तेव्हा? ('शांतता! कोर्ट चालू आहे' पण रंगायनचंच, फक्त ते बसवलं अरविंद देशपांड्यांनी, लोक सर्रास बाईंच्या नावावर खपवतात.) पुढे मतभेद झाले, १९७१ ला 'आविष्कार' ही संस्था वेगळी निघाली, रंगायन पण बंद पडलं.

आता सरांचा मुद्दा. नाटककार महेश एलकुंचवारांचंच घे ना. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका बाईंनी 'सत्यकथा' मासिकात वाचली आणि रंगायनमध्ये केली, तेव्हा नागपूरच्या ह्या तरुण प्राध्यापकाला मुंबईत ओळखत कोण होतं? आणि १९८५ ला त्याच लेखकाचं 'वाडा चिरेबंदी' बाईंनीच केलं, 'कलावैभव' ह्या व्यावसायिक नाट्यसंस्थेतर्फे, म्हणजे चक्क व्यावसायिकला. विदर्भातल्या देशपांड्यांचं खचत चाललेलं घर, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, म्हातारी दादी सारखी किती वाजले विचारतेय, टाळ्याखाऊ वाक्यं नाहीत की काही नाही. तिकीट काढून आलेल्या पब्लिकला हे शांतपणे बघायला लावायचं हा प्रयोग नाही तर काय आहे? छोट्या हॉलमध्ये आपल्याच ओळखीच्या शंभर जणांपुढे करण्यापेक्षा मला तरी हे जास्त अवघड वाटतं.

मधल्या काळात जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' पण झालं, आपल्या लोकनाट्याच्या ढंगात. 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', 'पुरुष' ही व्यावसायिकचीच, आता त्यातलं सगळंच सारखं भारी होतं असं मी म्हणणार नाही, पण गल्ल्यासाठी उरकलेलं एकही वाटत नाही.

बाईंचं आत्मचरित्र 'झिम्मा' मिळालं तर वाच, तालमींबद्दल भरपूर आहे त्यात. आणि एकांकिका कुठली करताय ते लिहिलंच नाहीस, कळव.