होला, कवडा, पारवा की कबूतर? आणि ‘होल्याने अंडी घातली’ हे चालतं का?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत पक्ष्याने दोन अंडी घातलीत, सासूबाई म्हणतात व्हला, खालच्या काकू म्हणतात कवडा, मुलगा म्हणतो कबूतर. यांनी फॅमिली ग्रूपवर फोटो टाकून लिहिलं ‘होल्याने अंडी घातली’, तर नणंदेने हसणारी स्मायली टाकून विचारलं की होला म्हणजे तो, मग अंडी त्याने कशी घातली? आता ताईंचे प्रश्न दोन, बरोबर नाव कुठलं आणि वाक्य चुकलं का.

ताई, मुलाचं आधी उरकतो, कबूतर नाहीये ते. कबूतर अंगाने मोठं, राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे आणि मान हिरवी-जांभळी चमकणारी. तुमच्या फोटोतलं पाखरू बारीक, मातकट, आणि गळ्याखाली तांबूस पट्ट्यावर काळे ठिपके, कुणी तीळ टाकल्यासारखे. हा होला. मागच्या बाजूला मानेवर काळी अर्धी कंठी असली असती तर कंठी होला म्हटलं असतं (काहीजण त्याला पठाणी होला म्हणतात), आणि मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चादर असती तर तो ठिपकेवाला. आता गंमत अशी की ह्या ठिपकेवाल्याला पक्ष्यांच्या याद्यांमध्ये कुठे कवडा म्हणतात कुठे होला, आणि बोलण्यात तर दोन्ही शब्द ह्या सगळ्या बारक्या भावंडांना सर्रास चालतात. म्हणजे काकू चुकल्या नाहीत. यादीवाल्यांना प्रत्येक जातीला वेगळं नाव लागतं म्हणून ते वाटण्या करतात, गल्लीत तशी वाटणी कधी झालेलीच नाही.

सासूबाई तर अजिबात चुकल्या नाहीत. व्हला म्हणजे होलाच, होतं चं व्हतं, होय चं व्हय, तसं होला चं व्हला. आमच्या गावाकडं (मोहोळच्या बाजूला) होला म्हणणारा माणूस मी पाहिला नाही, तो मला पुस्तकात भेटला. खळ्यावर ज्वारी सांडली की जोडीजोडीने उतरणारे ते व्हले, कडब्याच्या गंजीवर घुमणारे ते व्हले. आजीला पोर विचारायचं ‘कोण वरडूलालंय गं’ तर ती मान वर न करता ‘व्हला हाय’ एवढंच म्हणायची.

आता पारवा आणि कबूतर. पक्षी एकच, शब्द दोन. पारवा आला संस्कृत पारावतावरून आणि कबूतर फारसीतून, आणि ते वापरातही दिसतं बघा, कबुतराला शेपट्यापण फारसीच चिकटतात, कबुतरखाना, कबुतरबाज. पारवेखाना कोण म्हणत नाही. माझ्या कानाला तरी असं वाटतं की पाळलेलं, दाणे घातलेलं, चिठ्ठी नेणारं ते कबूतर, आणि विहिरीच्या कपारीत, पडक्या वाड्यात, भुईकोट किल्ल्याच्या भिंतीत आपापलं राहणारा तो पारवा. हल्ली शहरात पारवा हा शब्दच मागे पडलाय, एसीच्या डब्यावर बसून घाण करणाऱ्याला सगळे कबूतरच म्हणतात. पण माणसाच्या घराला चिकटून राहायची सवय जुनीच, मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो की उज्जयिनीत जिथे पारावत झोपलेत अशा एखाद्या घराच्या माथ्यावर रात्र काढ.

आपल्याकडे ह्या शब्दाचे नातेवाईक शेजारीच राहतात. कन्नडमध्ये पारिवाळ, तेलुगूत पावुरम, दोन्ही त्याच पारावताची लेकरं. होल्याला मात्र दोघांचे स्वतःचे शब्द, कन्नड बेळव आणि तेलुगू गुव्वा. आमच्या शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मावशी दिवाळीला गव्वलू करतात, कवडीच्या आकाराचं गोड, कारण गव्वा म्हणजे कवडी. म्हणजे तिकडे गुव्वा पक्षी नि गव्वा कवडी, इकडे कवडा पक्षी नि कवडी ती कवडी! योगायोगच असणार, ह्यावरून कुणी व्युत्पत्ती लावत बसू नका, मी एक रविवार घालवलाय त्यात.

पारवा हा रंगसुद्धा आहे हे नव्या पोरांना माहीतच नसतं. मागच्या वर्षी आईला घेऊन साडीच्या दुकानात गेलो होतो, ती म्हणाली पारवा रंगाची इरकल दाखव, तो पोरगा गोंधळला, मग ‘ग्रे का आजी’ म्हणून सरळ सिमेंटच्या रंगाची टाकली पुढ्यात. आई म्हणे ‘पारवा बघितलायस का कधी?’ ग्रे म्हणजे पारवा नव्हे, त्यात किंचित निळसर झाक पाहिजे. शेवटी आतून म्हातारे मालक आले आणि न बोलता बरोबर गठ्ठा काढला. वर धूपछाव पण दाखवली, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, हलवली की रंग बदलतो, अगदी पारव्याच्या मानेसारखा. घेतली नाही, महाग होती.

बरं आता नणंदेचा प्रश्न, खरा मजेचा तोच आहे. ‘होल्याने अंडी घातली’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर. मराठीत बऱ्याच जीवांच्या नावाला एक लिंग ठरून गेलंय आणि ते त्या शब्दाचं लिंग असतं, समोरच्या प्राण्याचं नाही. होला, पारवा, बगळा पुल्लिंगी. घार, टिटवी, साळुंकी स्त्रीलिंगी. कबूतर, पाखरू नपुंसकलिंगी. नणंदबाईंना विचारा, डास चावतो म्हणता ना? रक्त पिणारी मादी असते, नर डास चावतच नाही, तरी ‘डासीण चावली’ असं आजवर कुणी म्हटलंय का? भिंतीवरची प्रत्येक पाल बाईच, आणि उंदीर माळ्यावर पिल्लं घालतो तो पण ‘तो’च.

उलटंही आहे. कोकिळा गाते म्हणतो आपण, पण कुहूकुहू करणारा काळा लाल डोळ्याचा तो नर, ठिपकेदार मादी नुसती किक् किक् करते. सगळ्यात जास्त अन्याय सुगरणीच्या नरावर झालाय, बाभळीला लटकणारं ते घरटं एकेक पाती ओढून विणतो तो, ती नुसती येऊन बघून जाते पसंत आहे का, आणि नाव मात्र सुगरण! जिथे नर-मादी दिसायलाच वेगळे आणि रोज नजरेसमोर, तिथे भाषेनेही जोडी केली, चिमणा-चिमणी, मोर-लांडोर. होल्यात नर कुठला मादी कुठली हे बघून आपल्याला सांगता येत नाही, त्यामुळे होली वगैरे काही झालंच नाही, आणि कुणी म्हटलं तर लोक पिचकारी शोधतील.

लिहिताना एक सांभाळा, कबूतर मध्ये बू दीर्घ पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, कबुतराने, कबुतरांना. होल्याला ती कटकट नाही.

मागच्या एप्रिलात आमच्या कूलरवर होल्यांनीच घर केलं होतं. घर कसलं, दहा-पंधरा काड्या, खालून अंडी दिसतील इतकं विरळ. बेचाळीस डिग्रीत कूलर बंद, बायको म्हणे पाखराचा एवढा पुळका आहे तर तूच झोप हॉलमध्ये, झोपलो. दोन आठवड्याच्या आत-बाहेर पिल्लं निघाली, आणि त्यांना पहिले काही दिवस आईबाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं काहीतरी पाजतात, दोघंही हं, बाप सुद्धा. अंड्यावर पण पाळ्या असतात. रात्रभर मादी, आणि सकाळी उन्हं वर आल्यावर नर येऊन बसतो तो दुपार कलेपर्यंत. मी हॉलमधून ती पाळी बदलताना रोज बघायचो, एक उतरला की दुसरा लगेच, अंडी मिनिटभर सुद्धा उघडी नाहीत.

तुमच्या फोटोत मागच्या भिंतीवर ऊन लख्ख पडलंय ताई, दुपारचा एक-दीड वाजला असेल. नणंदेला कळवा की अंडी कुणी घातली ते राहू दे, पण फोटोत बसलाय तो बहुतेक होलाच आहे, पुल्लिंगी.