संधिवात असलेल्या मुलाला घरी शिकवताना सकाळचं वेळापत्रक टिकत नाही, काय करावं?

सकाळ अभ्यासातून काढूनच टाका. बालसंधिवातात सांधे झोपेतून उठल्यावर सर्वांत जास्त आखडलेले असतात आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळे होतात. तेवढ्या वेळात कोमट पाण्याने अंघोळ, सांगितलेले व्यायाम आणि फार तर एखादी गोष्ट ऐकणं. गणित, लेखन नंतर.

बोटं दुखत असतील तर उत्तरं तोंडी घ्या, किंवा त्याने सांगावं आणि तुम्ही लिहावं. जाड पेन्सिलही बरी पडते. त्याला विषय कळला का, हे बघायचंय, अक्षर नाही.

बुडालेल्या दिवसाचा अभ्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट करून वसूल करू नका, ही माझी कळकळीची विनंती. थकवा हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे. एकट्या मुलाला समोर बसवून शिकवलं की दोन तासांतही पुष्कळ होतं.

डोळ्यांची तपासणी मात्र चुकवू नका, वाचताना काही त्रास नसला तरी. या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज अनेकदा काहीच लक्षण न दाखवता वाढते.

आणि मित्रांना घरी बोलवत राहा, तो झोपून असेल त्या दिवशीसुद्धा.