अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे कॅमेऱ्याने तपासतात, त्यावर विसंबावं का?

तुम्ही लिहिलंय की बाळ २९व्या आठवड्यात झालं, जन्माचं वजन १२४० ग्रॅम, आज ते २४ दिवसांचं आहे. तुमच्या दवाखान्यात डोळ्यांच्या पडद्याचे डॉक्टर नाहीत; कॅमेरा घेऊन कुणीतरी येणार, फोटो काढणार आणि लांबचे डॉक्टर ते बघून काय ते सांगणार. एवढ्याशा डोळ्याचं फोटोवरून काय कळणार, त्यापेक्षा बाळाला मोठ्या शहरात न्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

तो कॅमेरा धरणाऱ्यांपैकी मी एक. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते, तिथेच हे शिकले, आणि गेली अकरा वर्षं हेच काम करते आहे. माझं उत्तर सरळ आहे: फोटो काढू द्या. नुसत्या तपासणीसाठी बाळाला पेटीतून काढून प्रवास घडवू नका. मात्र तपासणीची तारीख चुकू देऊ नका. माझ्या डोळ्यांदेखत ज्या बाळांची नजर गेली, त्यांची फोटोमुळे गेली नाही, चुकलेल्या तारखेमुळे गेली.

ही तपासणी ज्या आजारासाठी करतात तो आधी समजून घ्या, म्हणजे तारखेचा एवढा आग्रह का ते कळेल. पोटात असताना साधारण सोळाव्या आठवड्यापासून पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधल्या बिंदूपासून कडेकडे वाढायला लागतात. कानाकडच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना गर्भारपणाचे जवळजवळ सगळे नऊ महिने लागतात. बाळ लवकर आलं की ही वाढ मध्येच थांबते. मग काही आठवड्यांनी रक्त न पोचलेला पडदा भुकेला होतो, रक्तवाहिन्या मागवणारं रसायन सोडतो, आणि नव्या, कच्च्या, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या पडद्याला ओढून सोडवू शकतात. यालाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार) म्हणतात. जन्मल्याबरोबर तो नसतो. पहिल्या दोन आठवड्यांत डोळे अगदी छान दिसतील आणि सहाव्या-आठव्या आठवड्यात चित्र पालटलेलं असेल. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बाळ उजेडाकडे बघतं, दूध पितं, वजन घेतं. म्हणून 'आता बाळ चांगलं आहे' यावरून डोळ्यांचा अंदाज बांधता येत नाही.

बहुतेक आया मला हळूच विचारतात, ऑक्सिजनमुळे झालं का? ऑक्सिजनचा संबंध आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत टेरी नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा वर्णन केलं, आणि १९५०च्या दशकात अमर्याद ऑक्सिजन हे मोठं कारण असल्याचं सिद्ध झालं. पण मग ऑक्सिजन फारच आखडता घेतला गेला आणि बाळं दगावू लागली. आज म्हणूनच बोटाला किंवा पावलाला लावलेल्या यंत्रावर आकडा बघत ठरावीक मर्यादेत ऑक्सिजन देतात. तुमच्या बाळाला तो मिळाला नसता तर आज तुम्ही हा प्रश्न विचारत नसतात. स्वतःला दोष देऊ नका. खरं कारण लवकर जन्मणं हेच आहे.

आता कॅमेरा. पेनासारखा जाडसर दांडा असतो, पुढे भिंग. आधी बाहुली मोठी करणारे पातळ थेंब घालतात, थोड्या थोड्या वेळाने. गालावर ओघळलेले थेंब लगेच पुसायचे, कारण ते अंगात गेले तर एवढ्याशा बाळाचे ठोके मंदावू शकतात, पोट फुगू शकतं. फोटोच्या अगदी आधी दूध पाजत नाहीत, तासभर अंतर ठेवतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतो, जिभेवर साखरेच्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे दोन थेंब देतो, डोळा बधिर करतो, बारीक तारेच्या साधनाने पापण्या उघड्या ठेवतो, आणि जेल लावून भिंग हलकेच बुबुळाला टेकवतो. मधला फोटो, मग वर, खाली, नाकाकडे, कानाकडे. दोन्ही डोळ्यांना मिळून काही मिनिटं लागतात. बाळ रडतं. तुम्हाला बघवत नसेल तर बाहेर थांबा, त्यात काही वाईट नाही. ठोके आणि श्वास आम्ही मॉनिटरवर बघतच असतो, आणि बाळ दमलं की थांबतो. नंतर पापण्या सुजतात, पांढऱ्या भागावर एखादा लाल डाग दिसतो, तो काही दिवसांत ओसरतो. हे आधीच सांगते, कारण त्या डागाने घाबरून दुसऱ्या तपासणीला नकार दिलेले आईबाप मी पाहिलेत.

एवढं करून काय दिसतं? मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यातून एका वेळी साधारण १३० अंशांचा पडदा दिसतो. उपचार कधी करायचा, हे ठरवणारी सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे मधल्या भागातल्या वाहिन्या फुगणं आणि नागमोडी होणं, आणि कॅमेऱ्याला नेमका मधला भागच सर्वांत स्वच्छ दिसतो. धोक्याच्या बाबतीत म्हणूनच फोटो विश्वासाचा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ पासून असे फोटो मागवून वाचले. पहिल्या सहा वर्षांत ६०८ बाळांपैकी उपचार लागणारं एकही बाळ सुटलं नाही. २०१४ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तर फोटो वाचणारे डॉक्टरही नव्हते, शिकवून तयार केलेली माणसं होती. १२५७ बाळांत, 'हे डॉक्टरांना दाखवा' म्हणण्याइतका आजार असलेली शंभरातली नव्वद बाळं त्यांनी हेरली. उरलेली दहा? त्यांच्यासाठीच तपासणी एकदा करून थांबत नाही. एकदा निसटलेला बदल पुढच्या खेपेच्या फोटोत पकडण्याची संधी असते, जर पुढची खेप झाली तर.

आपल्या देशात कर्नाटकात २००८ साली नारायण नेत्रालयाने किडरॉप नावाने हेच सुरू केलं. तंत्रज्ञ गाडीतून कॅमेरा घेऊन लहान गावांतल्या दवाखान्यांत जातात, फोटो काढतात, आणि तिथेच लाल, नारिंगी, हिरवा असा प्राथमिक शेराही मारतात; डॉक्टर ते फोटो लांबून बघतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या कामाची मला नव्याने किंमत कळली. डॉक्टरांनी हाताने काढलेल्या आकृतीपेक्षा फोटोचा आणखी एक मोठा फायदा आहे. गेल्या आठवड्याचा आणि या आठवड्याचा पडदा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घेता येतं.

कॅमेरा कुठे कमी पडतो तेही सांगते. पडद्याची अगदी कड त्यात नीट येत नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळाचं बुबुळ धूसर असतं, बाहुली पुरेशी उघडत नाही, आणि फोटो अंधुक येतो. तेव्हा वाचणाऱ्यांनी 'पुन्हा काढा' म्हटलं तर चिडू नका, उलट त्यांनी जपून पाहिलं असं समजा. 'वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या, आता तपासणी बंद' हा निर्णय मात्र फक्त फोटोवर घेऊ देऊ नका. त्याआधी, आणि उपचाराआधीही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावून प्रत्यक्ष एकदा पाहिलं पाहिजे. त्या एका खेपेसाठी शहरात जावं लागलं तर जरूर जा. तोवर बाळही प्रवासाला तयार झालेलं असतं.

तुमच्या तारखेचं बोलू. पहिली तपासणी गर्भवय (पोटातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून) ३१ आठवडे झाल्यावर किंवा जन्मानंतर चार आठवड्यांनी, यातली जी तारीख नंतर येईल तेव्हा करतात. तुमच्या बाळाच्या बाबतीत चार आठवडे नंतर येतात, म्हणजे अजून चार दिवस. आपल्याकडे तीस दिवसांच्या आत हे पक्कं लक्षात ठेवायचं. (२८ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बाळांची तपासणी आणखी आधी, दोन-तीन आठवड्यांतच करतात. हे वाचणाऱ्या इतर कुणाचं बाळ तसं असेल तर आजच विचारा.) उद्याच सिस्टरना विचारा: कॅमेरा कोणत्या दिवशी येतो, फोटो कोण वाचतं, अहवाल लेखी मिळतो का आणि किती तासांत. आणि सर्वांत आधी विचारायचं ते हे, की उपचार लागलाच तर तो कुठे होणार. उपचाराची गरज ठरली की ४८ ते ७२ तासांत लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन व्हावं लागतं. त्या वेळी फोनाफोनी सुरू करायला सवड नसते. रुग्णालयाचं नाव, नंबर आणि जायची सोय आजच कागदावर लिहून ठेवा. इंजेक्शन दिलं तर आजार बऱ्याच आठवड्यांनी उलटू शकतो, म्हणून त्यानंतरच्या खेपा कमी होत नाहीत, वाढतात.

एक बाळ माझ्या मनातून जात नाही. तिसाव्या आठवड्याचं, छान वजन घेतलेलं. मीच फोटो काढले होते. अहवालात 'एका आठवड्याने पुन्हा' असं होतं, पण मधल्या काळात बाळाला घरी सोडलं गेलं. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांची तारीख कुणी लिहिलीच नाही, आणि घरच्यांचा फोन लागेना. साडेतीन महिन्यांनी ती आई आली, बाहुलीत पांढरं दिसतंय म्हणून. दोन्ही पडदे सुटले होते. तिने मला विचारलं, 'तुम्ही तर फोटो काढले होते ना?' काढले होते. ते फोटो चांगलेच होते, आणि वाचलेही बरोबर गेले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक आईच्या फोनमध्ये पुढची तारीख स्वतः टाकून देते, गजर लावून. तुमच्या इथे कुणी करत नसेल तर तुम्ही करा, आणि बाळाच्या आजी किंवा मामाच्या फोनमध्येही टाका. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांची तारीख लिहिलेली दिसेपर्यंत बाळाला घेऊन दाराबाहेर पडू नका. पत्ता किंवा नंबर बदलला तर दवाखान्याला स्वतःहून कळवा.

पहिला अहवाल आला की त्यात 'झोन' आणि 'स्टेज' असे शब्द असतील. झोन म्हणजे वाहिन्या किंवा आजार पडद्याच्या कोणत्या वर्तुळात आहे. एक म्हणजे अगदी मधलं आणि जास्त काळजीचं, तीन म्हणजे कडेचं. स्टेज एक ते पाच, आकडा वाढला की आजार वाढला. 'प्लस' (म्हणजे मधल्या भागातल्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्यात) हा शब्द दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. स्टेज एक किंवा दोन वाचून घाबरू नका, बहुतेक बाळांत तो आपोआप ओसरतो. अहवालातलं काही समजलं नाही तर बाळाचं नाव झाकून इथेच खाली लिहा, त्या शब्दांचा अर्थ मी सांगेन.