९० हजार इंजिनात घालायचे, की गाडीच विकायची?

प्रश्न : आमची डिझेल सेडान फेब्रुवारी २०१३ ची, १ लाख ६५ हजार किलोमीटर झालेली. मी कराडहून शाळेत रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर चालवते. गॅरेजवाले म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन आलंय, इंजिन उघडावं लागेल, ९० हजार धरा." डीलर आहे त्या स्थितीत १ लाख ४० हजार देतोय; इंजिन ठीक असतं तर सव्वादोन दिले असते म्हणतो. यजमानांचं म्हणणं, दीड लाखाच्या गाडीत लाख कशाला घालायचा? ११ लाखांची नवी पेट्रोल घेऊ : ३ लाखांची एफडी मोडू, ८ लाख कर्ज काढू, जुनीचे पैसे आरटीओ आणि विम्यात जातील. मुलगी बारावीत आहे. काय करावं?

ताई, यजमानांचं वाक्य ऐकायला बिनतोड आहे. पण ते गाडी विकणाऱ्याचं गणित झालं. विकायच्या आधी ९० हजार घालून ८५ हजार जास्त मिळणार असतील तर त्या भानगडीत कुणी पडू नये, हे खरंच. तुम्हाला मात्र ती उद्या सकाळी शाळेत न्यायची आहे. म्हणून ९० हजारांची तुलना गाडीच्या किमतीशी नको, शाळेत जायला दुसऱ्या मार्गाने महिन्याला काय पडेल त्याच्याशी करा.

८ लाख, ९ टक्के, ७ वर्षं धरली तर हप्ता साधारण १२,८७० रुपये आणि एकूण व्याज २ लाख ८१ हजार. दुरुस्तीचे ९० हजार तीन वर्षांवर पसरले तर महिना २,५०० पडतात. जुनी गाडी म्हणून टायर, क्लच, सस्पेन्शन यांचे आणखी दीड-दोन हजार धरा. शिवाय महिन्याला १,२५० किलोमीटर पेट्रोलवर गेलं, तर इंधनालाच सव्वादोन-अडीच हजार जास्त लागतील. नवी गाडी सात वर्षांनी काही किंमत राखून असेल, हे तिच्या बाजूने मोजायला हवं. तरीही फरक मोठा आहे. आणि ती ३ लाखांची एफडी कशासाठी आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुलगी बारावीत आहे म्हणताय, त्यावरून माझा अंदाज असा की ती तिच्या प्रवेशासाठी आहे.

पण थांबा. ९० हजार तरी लागणार आहेत का?

बॅक कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाबाखालचा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या भागात उतरणं. डिझेलमध्ये दाबच इतका असतो की थोडा वायू धडधाकट इंजिनातही उतरतो. त्याला बाहेर काढायला ब्रीदर पाईप असतो. तो हा वायू टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आधी, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या पाईपात पुन्हा सोडतो. रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले की वायू वाढतो. पण ब्रीदर काजळी-ऑइलने तुंबला, तरी आतला दाब असाच वाढतो. टर्बोचे सील गेले, तरी तेच. बाहेरून लक्षणं सारखी : ऑइलच्या झाकणातून भपकारा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) वर सरकलेली, इंजिनाभोवती तेलकट घाम.

माझ्या जुन्या डिझेलचं असंच झालं होतं. मेकॅनिकने चालू इंजिनावर झाकण उलटं ठेवलं, ते तव्यावरच्या थेंबासारखं नाचायला लागलं, आणि त्याने थेट ८० हजार सांगितले. दुसऱ्याने ब्रीदरची नळी काढून दाखवली : आत काळा चिखल, बोटसुद्धा जाईना. नळी बदलून, ऑइल बदलून साडेतीन हजारांत काम झालं. गाडी पुढे चार वर्षं चालली. तुमचंही तेच निघेल असं नाही. पण झाकण नाचणं हा पुरावा नव्हे.

म्हणून आधी अडीच-तीन हजार मोजण्यावर खर्च करा, आणि ज्याला इंजिनाचं काम मिळणार आहे त्याच्याकडून नको. ब्रीदर साफ करून घ्या, मग गरम इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) आणि लीकडाउन टेस्ट. लीकडाउनमध्ये सिलिंडरात हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइलच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंग-बोअर, सायलेन्सरला आली तर व्हॉल्व्ह. डिपस्टिकवर खूण करून १,००० किलोमीटरला किती ऑइल भरावं लागतं तेही लिहून ठेवा. पाव लिटरच्या आत असेल तर घाई नाही. लिटरभर जात असेल, तर इंजिन उघडावंच लागेल.

एका बाबतीत मात्र थांबू नका. आतला दाब वाढला की टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही, हवेच्या पाईपात शिरतं. ते फार साचलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. इंटरकूलरच्या (टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपात ऑइल साचलेलं दिसलं, तर त्या दिवसापासून गाडी घरी. हे नुकसान विमाही भरत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाहीत.

रिंग-बोअरच निघाले, तर ९० हजारांवर विश्वास ठेवू नका. इंजिन उघडलं की हेड, टर्बो, क्लच एकेक करून बिलात येतात. अंदाज लेखी घ्या, बोअरिंगचं काम करणाऱ्या कोल्हापूरच्या एखाद्या वर्कशॉपचाही दर विचारा, आणि स्वतःसाठी सव्वा लाखाची रेघ ओढा. त्याच्या आत असेल तर दुरुस्त करा. वर गेलं तर आहे तशी डीलरला द्या आणि साडेतीन-चार लाखांची वापरलेली पेट्रोल घ्या. उरलेल्या दोन-अडीच लाखांचं छोटं कर्ज झेपेल. ११ लाखांची गाडी आत्ता नको.

फेब्रुवारी २०२८ ला गाडीला १५ वर्षं होतील. तेव्हा नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये, फिटनेस आणि वर पर्यावरण कर. धूर ओकणारं इंजिन तिथे अडकेल, चांगलं झालेलं निघून जाईल.

दुरुस्तीचे पैसे क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेऊ नका, सोसायटीचं कर्ज मिळत असेल तर ते बघा. टेस्टचा कागद हातात आला की मला आकडे पाठवा. चारही सिलिंडरचा दाब सारखाच कमी आहे की एकाचाच पडलाय, एवढं नक्की कळवा. एकच असेल तर खर्च कदाचित निम्म्यावर येईल.